खाजकुइली आणि कंपवात

कोंकणांत, मग गांव रत्नागिरीजवळचें भाट्ये असो वा दुसरें, खाजकुइलीच्या शेंगांपासून जो तो अंग चोरून जातो. परंतु तिच्या बियांना आयुर्वेदानें वातविकारांत मान दिला.

लंडनच्या जेम्स पार्किन्सननें १८१७ सालीं कंपवाताचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९३७ सालीं मद्रासेस दामोदरन व रामस्वामी यांनीं ह्या बियांतून लेव्होडोपा वेगळें काढलें. तें मेंदूंतील डोपामीनची उणीव भरून काढतें. परंतु पेशींचा नाश थांबवीत नाहीं.

त्या नाशाचा माग पुढें पेशींना शक्ति पुरविणाऱ्या तंतुकणिकांपर्यंत गेला. १९८९ सालीं रोग्यांच्या मेंदूंत त्यांचें कार्य मंदावलेलें आढळलें. २००४ सालीं, बिघडलेल्या तंतुकणिका दूर करविणाऱ्या पिंक-१ जनुकांतील दोष कांहीं कुटुंबांत सांपडला.

उणीव भरणें हा उपचाराचा पूर्वार्ध झाला. पेशी वाचविणें हा उत्तरार्ध अद्यापि साधावयाचा आहे.