राक्षसीशी संसार

राक्षसीण आणि माणूस यांचं प्रेम चिनी कथांतच भेटतं असं नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, मंडपाच्या उजव्या भिंतीवर, सिंहल अवदान ही बौद्ध कथा पाचव्या शतकात रंगवलेली आहे : जहाज फुटलेले व्यापारी, रूपवती होऊन त्यांच्याशी संसार थाटणाऱ्या राक्षसिणी, त्या व्यापाऱ्यांतल्या सिंहलाला समुद्रापार नेणारा पांढरा घोडा. सिंहलाच्या मागोमाग त्याची राक्षसीण बायको मूल घेऊन येते, राजाकडे दाद मागते, त्यालाच भुलवते आणि मग राजवाड्यात रक्त सांडतं. दरबारात उभी असलेली ही टाकलेली बायको मला साऱ्या भिंतीवर सर्वांत जिवंत वाटते. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या चिनी बौद्ध यात्रेकरू ह्युएन त्सांगनेही आपल्या प्रवासवर्णनात सिंहलाची हीच कथा चिनी वाचकांना सविस्तर सांगितली आहे.