पिंगळाचा अर्धा-अर्धा हिशेब

‘संस्कृत ही कॉम्प्युटरची सर्वोत्तम भाषा, असं नासानं सांगितलंय’ हे वाक्य आमच्या रुआबांध्यातही दर दोन महिन्यांनी कुणीतरी ऐकवतं. मुळात रिक ब्रिग्ज या नासातल्या संशोधकाचा १९८५ चा एक लेख आहे. त्यात तुलना आहे ती शास्त्रीय संस्कृतातल्या वाक्यविश्लेषणाची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ज्ञानमांडणीची. प्रोग्राम संस्कृतात लिहावेत असं तो म्हणत नाही. या अफवेचा मला राग येतो, कारण तिच्यामुळे खरी गोष्ट झाकली जाते.

ती खरी गोष्ट भाच्यामुळे माझ्या हाती लागली. सुपेल्याच्या बाजारातून जुने कॉम्प्युटर आणून तो ते खोलतो, जोडतो आणि त्यांवर हास्केल शिकतो. हास्केलचा पहिला अहवाल १९९० चा. तिच्या मुळाशी अलोन्झो चर्चचं १९३० च्या दशकातलं लॅम्डा कलन आणि मॅकार्थीची १९५८ ची लिस्प. अशा भाषेत प्रोग्राम म्हणजे हुकमांची यादी नसते. असतात त्या फलनांच्या व्याख्या, आणि फलन स्वतःच्याच आधारानं सांगता येतं. ‘क्ष’ एकदा पाच ठरला की पाचच राहतो.

त्यानं दोनाचा घात काढणारं फलन दाखवलं. संख्या शून्य असेल तर उत्तर एक. सम असेल तर तिच्या निम्म्याचं उत्तर काढा आणि त्याचा वर्ग करा. विषम असेल तर एक वजा करून उत्तर काढा, मग दुप्पट करा. मला छंदःशास्त्र आठवलं. इसवी सनापूर्वीच्या शतकांत धरला जाणारा पिंगळ लघु-गुरूंच्या रचना मोजताना हेच करतो, आणि दहाव्या शतकातला टीकाकार हलायुध ते उलगडून सांगतो.

वसंततिलका घ्या. चरणात १४ अक्षरं. १४, ७, ६, ३, २, १, ० असं खाली उतरायचं, निम्मं केलं की दोन आणि एक वजा केला की शून्य अशी खूण करत. मग उलट वर चढायचं: १, २, ४, ८, ६४, १२८, १६३८४. चौदा दुपटींऐवजी सहा पायऱ्या.

म्हणून पिंगळानं हास्केल शोधली का? नाही. चर्चच्या वाटेवर पिंगळ नव्हताच. दोघांना एकच युक्ती स्वतंत्रपणे सुचली, आणि अनुवादक म्हणून मला उसनवारीपेक्षा असं साम्य जास्त मोलाचं वाटतं.

मात्रावृत्तांची गोष्ट आणखी गमतीची. प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज, हा नियम हेमचंद्र ११५० च्या सुमारास देतो. फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. भाच्यानं तो नियम जसाच्या तसा हास्केलमध्ये लिहिला आणि पन्नास मात्रांना त्याचा जुना कॉम्प्युटर अडकला, कारण तेच हिशेब तो पुन्हापुन्हा करत होता. कागदावर संख्या ओळीनं लिहीत जाणाऱ्याला हा त्रास होत नाही. मागच्या दोन त्याच्या डोळ्यांसमोरच असतात.