सीमाबंधन : यवतमाळमधील कोलामांची गावबांधणी आणि स्लाव्ह लोकाचारातील एक समांतर

वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या मधला यवतमाळ जिल्ह्याचा डोंगराळ पट्टा हे कोलाम जमातीचे एक जुने वसतिस्थान आहे. केळापूर, वणी, मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांत त्यांच्या वस्त्या आढळतात. या वस्तीला 'पोड' म्हणतात. पोडाच्या मध्यभागी चावडी असते आणि नाईक हा पोडाचा प्रमुख. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील आपल्या ग्रंथात कोलामांचे वास्तव्य मुख्यतः वणी तालुक्यात असल्याचे नोंदविले. त्याआधी स्टीफन हिस्लॉप यांच्या टिपणांत (१८६६) त्यांचा उल्लेख येतो. कोलामी ही मध्य द्राविडी गटातील भाषा असून एमेनो यांनी तिचे व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध केले. भाषा, वंश, विवाहपद्धती यांविषयी अशा रीतीने बरेच लिहिले गेले. 'गावबांधणी' या विधीकडे मात्र बहुधा सण-उत्सवांच्या यादीतील एक नाव म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत निबंधाचा रोख या विधीवर आहे.

वस्तीच्या शिवेवर पूजा मांडावी, बळी द्यावा आणि रोगराई, वाघ-जनावर व अनिष्ट शक्ती यांना त्या रेषेबाहेर रोखावे, असे या विधीचे स्थूल स्वरूप आहे. तपशील पोडागणिक बदलतो. गोंडांच्या गावातही अकी पेन हा गावाचा रक्षक देव असतो, तेव्हा रक्षणाची कल्पना एकट्या कोलामांची नाही. लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी पैनगंगेपलीकडील आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथात (१९४८) असे दाखवून दिले की, स्थानिक भूमी व डोंगर यांच्या देवतांच्या पूजेसाठी गोंड लोक कोलाम पुजाऱ्याला बोलावतात. गढ्या, किल्ले आणि राजवंश ज्यांच्याकडे होते, त्यांनी मातीचे पौरोहित्य या साध्या डोंगरी जमातीकडे सोडले. ज्याचा रहिवास आधीचा, भूमीच्या देवतेशी बोलण्याचा अधिकार त्याचा, हा न्याय त्यामागे असावा. ताम्रपट वा सनद नसलेल्या समाजाच्या प्राचीनत्वाचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

शीव बांधण्याची ही कल्पना केवळ आपल्याकडचीच नाही. युरोपातील स्लाव्ह लोकांत तिचे फार जवळचे रूप आढळते. गुरांचा रोग किंवा पटकी आली की रशियन खेड्यांतील स्त्रिया रात्रीच्या वेळी केस मोकळे सोडून, स्वतः नांगर ओढून गावाभोवती तास काढीत. त्या वेळी पुरुषांना बाहेर पडण्यास मज्जाव असे. बाल्कनमधील सर्ब व बल्गेरियन लोकांत हाच नांगर जुळ्या भावांनी धरायचा आणि बैलही जुळेच असायचे. कार्पेथियन पर्वतातील हुत्सुल मेंढपाळ उन्हाळी कुरणावर गेले की लाकडावर लाकूड घासून 'जिवंत अग्नी' पेटवीत व हंगाम संपेपर्यंत तो विझू देत नसत. तोही जागा बांधून घेण्याचाच प्रकार म्हणता येईल. किएव्हच्या राज्याने ९८८ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, बल्गेरियाने त्याच्याही आधी. तरीही नांगराच्या तासाने गाव बांधण्याची चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होती. (बल्गेरियातील कातडी पांघरणारे, घंटा बांधलेले 'कुकेरी' आणि गोंडांचे मोरपिसांचा टोप घालणारे 'घुसाडी' यांचे साम्यही मोह पाडणारे आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.)

अशा साम्यावरून दोन्ही समाजांचे मूळ एक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह फ्रेझरच्या काळापासून अभ्यासकांना होत आला आहे. तो टाळलेला बरा. तुलनेचा खरा उपयोग भेद दिसण्यासाठी होतो. स्लाव्ह विधीत सीमा नांगराने आखली जाते, कारण तो स्थिर शेतकऱ्यांचा विधी आहे. कोलामांकडे परंपरेने नांगर नव्हता. जंगल तोडून, जाळून, कुदळीने व टोकदार काठीने ते उतारावर पीक घेत आणि काही वर्षांनी जागा बदलीत. साहजिकच त्यांची शीव जमिनीवर कायमची उमटलेली नसे. प्रत्येक नव्या जागी आणि पुन्हा पुन्हा ती बांधावी लागे. म्हणून माझ्या मते गावबांधणी हा गावाचे रक्षण करणारा विधी तर आहेच. त्याआधी तो गाव निर्माण करणारा विधी आहे. बांधणी झाली की चार झोपड्यांचे पोड होते.

वऱ्हाडात १८८६ चा वनकायदा आला, जंगले राखीव झाली आणि फिरती शेती बंद पडत गेली. महसुली दप्तराने गाव मोजले ते सर्व्हे क्रमांकांनी व पाटलाच्या नोंदीने. त्या मोजणीत अनेक पोडे दुसऱ्याच एखाद्या गावाची वाडी म्हणून गणली गेली किंवा वनखात्याच्या नकाशावर बिननावाची राहिली. आपली शीव दरवर्षी बांधणारे लोक कागदोपत्री शीव नसलेले ठरले.

कायद्याची भाषा नंतर बदलली. १९९६ च्या पेसा कायद्यातील कलम ४(ब) ने परंपरा व रूढीनुसार आपला कारभार चालविणाऱ्या पाड्या-वस्तीलाही गाव मानले. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने ही व्याख्या तेथे लागू होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिम जमातींच्या अधिवासावरील सामूहिक हक्क मान्य केला. कोलाम ही महाराष्ट्रातील अशा तीन जमातींपैकी एक. उर्वरित दोन कातकरी व माडिया गोंड. या कायद्याखालील २००८ च्या नियमांत पवित्र वृक्ष, देवराया, दफनभूमी यांना पुराव्याचे स्थान मिळाले.

येथे इतिहासाच्या अध्यापकांचा संबंध येतो. कोसंबींनी महाराष्ट्रातील वाटा तुडवून, शेंदूर फासलेल्या दगडांवरून जुने मार्ग व वस्त्या यांचा माग काढला. तीच पद्धत आपल्या महाविद्यालयांच्या परिसरातील पोडांना लावता येईल. गावबांधणीच्या वेळी पुजारी कोठून निघतो, कोणत्या झाडापाशी, नाल्यापाशी, दगडापाशी थांबतो, बळी कोठे दिला जातो, हे वृद्धांकडून पोडागणिक टिपून नकाशावर मांडले तर त्या पोडाची परंपरागत सीमा हाती येते. नियमांनुसार वृद्धांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य आहे. ते नोंदवून घेण्याचे काम विधी आठवणारी पिढी हयात असेपर्यंतच होऊ शकते, आणि ते कोलामीत नोंदवावे, कारण स्थळनामांचे मराठी रूपांतर झाले की खूण हरवते.