संयुक्त नावावरील घर आणि घटस्फोटाचा दावा

घटस्फोटास एका पक्षाचा विरोध असताना दोघांच्या नावावरील घराचे काय होते? गोव्यात, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास, मालमत्ता उभयतांची निम्मी-निम्मी समजली जाते. महाराष्ट्रात तसे नाही. येथे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४५ नुसार खरेदीत कोणी किती रक्कम घातली हे पाहिले जाते. पुरावा नसल्यास हिस्से समान मानतात. पावत्या जपून ठेवाव्यात, त्या बहुधा पतीच्याच कपाटात सापडतात! सदनिकेचे तुकडे करणे शक्य नसल्यास, १८९३ च्या विभाजन कायद्याखाली निम्म्या वा अधिक हिश्शाचा मालक विक्री मागू शकतो. तेव्हा दुसऱ्यास तो हिस्सा न्यायालयीन मूल्यांकनाने विकत घेता येतो. कर्ज मात्र बँकेच्या लेखी दोघांचेच राहते. धर्मप्रांतीय न्यायासनाने विवाह रद्दबातल ठरविला, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार त्यास दिवाणी परिणाम नाही.