भाजीचं नाव, सणाचं नाव

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडच्या कोकणा आदिवासींच्या पाड्यांवर आषाढात ‘तेरा’ असतो. तेरा ही पहिल्या पावसात रानात उगवणारी अळूच्या जातीची भाजी. सणाचं नावही तेच. घरच्या देवांना दाखवल्याशिवाय ही भाजी कुणी तोंडात घालत नाही. शहरातून नव्याने गेलेला अभ्यासक हमखास आकडा ऐकतो आणि तेरा देव शोधत बसतो. कोकणात अशाच रानअळूला ‘तेरं’ म्हणतात, एवढं ठाऊक असलं तरी हा फेरा वाचेल. सणांची नावं आणि वनस्पतींची नावं एकत्र वाचायच्या या अभ्यासाला असेच पाय लागतात: एक कोशात, एक चिखलात.

स्पॅनिशमधली ‘बेर्बेना’ याच वाटेने गेली, फक्त पुष्कळ पुढे. मूळ लॅटिन शब्द धर्मविधीतल्या पवित्र डहाळीचा. ती ऑलिव्हची चाले, लॉरेलची चाले. तहाला निघालेल्या रोमन दूतांबरोबर एक जण पवित्र वनस्पतींची जुडी घेऊन जाई. पुढे हे नाव एकाच रोपाला चिकटलं. संत योहानाच्या सणाच्या आदल्या रात्री, 23 जूनला, लोक ते खुडायला निघत. त्यावरून रात्रीच्या जत्रेलाच बेर्बेना म्हणू लागले. तोमास ब्रेतोनची 1894 ची गाजलेली संगीतिका माद्रिदच्या अशाच एका जत्रेवर बेतलेली आहे. त्या जत्रेत आज नाच आहे, खाणंपिणं आहे. रोपाची कुणाला आठवण नाही.

आपल्याकडे आपटा त्याच रस्त्याला लागलाय. दसऱ्याला बाजारात ‘सोनं’ मागितलं की पुष्कळदा कांचनाची मोठी पानं हातात पडतात, आणि ती घेऊन आपण खुशाल सीमोल्लंघन करतो. तेरा मात्र असा निसटलेला नाही. माझ्या मते त्याचं कारण भक्तीपेक्षा घसा आहे. या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आंबट घालून नीट शिजवली नाही तर भाजी खवखवते. जे रोप पातेल्यात जायचं, ते ओळखूनच आणावं लागतं. दसऱ्याचं पान नुसतं हातातून हातात जातं.

म्हणून या विषयात येणाऱ्याने व्युत्पत्तिकोश जरूर उघडावा, पण आषाढात एकदा सुरगाण्याच्या बाजारात भाजीवालीपाशी बसून. कोणतं पान, कुठल्या ओहोळाचं, आंबटाला काय घालता, सणाआधी खाल्लं तर काय होतं, हे आधी विचारावं. नाव कुठून आलं, हे शेवटी.