समोरचं दार की मागचं?

इयरफोन लावलेत ना? आजचा भाग जरा जड आहे. जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या.

गोष्ट अमेरिकेतली. आधी १९६८ चं लॉस एंजेलिस. ट्रॉय पेरी नावाचा तरुण, पेंटेकॉस्टल चर्चचा पाद्री. तो गे आहे हे कळल्यावर चर्चनं त्याला काढलं होतं. त्यानं एका नियतकालिकात जाहिरात दिली आणि ६ ऑक्टोबरला स्वतःच्या घरात प्रार्थना ठेवली. आली किती माणसं? १२. बायबल तेच, येशू तोच, फक्त ‘तू नको’ म्हणणारं कुणी नाही. यातून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं आणि काही वर्षांतच इतर शहरांत पोचलं.

त्यातलं एक शहर न्यू ऑर्लिन्स. तिथल्या फ्रेंच क्वार्टरमध्ये जिना चढून वर गेलं की ‘अपस्टेअर्स लाउंज’ नावाचा बार होता. स्वतःची जागा नव्हती तेव्हा या चर्चची प्रार्थना बारच्या मागच्या खोलीत व्हायची. हो, बारमध्ये! पुढे जागा बदलली, तरी रविवारी मंडळी तिथेच जमायची.

२४ जून १९७३, रविवार, संध्याकाळचे आठ वाजत आलेले. कुणीतरी जिन्यात लायटरचं इंधन ओतून काडी लावली. वर बेल वाजली, दार उघडलं आणि ज्वाळा आत घुसल्या. खिडक्यांना गज. बारटेंडर बडी रासमुसेननं काही जणांना मागच्या दारानं बाहेर काढलं. सहायक पाळक जॉर्ज मिचेल बाहेर पडला होता, पण जोडीदार लुई दिसेना म्हणून परत आत गेला. दोघंही एकत्र सापडले. पाळक बिल लार्सन खिडकीच्या गजांत अडकून गेले आणि त्यांचा मृतदेह कित्येक तास रस्त्यावरून दिसत राहिला. एकूण ३२ मृत्यू. खटला कुणावरच चालला नाही.

मी पोटासाठी कोड लिहितो. काही बिघडलं की आधी ‘का?’ विचारायची सवय. पण इथे मी आगीपेक्षा पुढच्या आठवड्यापाशी जास्त अडकलो.

कारण पेरी विमानानं तिथे पोचला आणि प्रार्थनासभेसाठी जागा शोधू लागला, तर चर्चमागून चर्च नाही म्हणालं. एपिस्कोपल चर्चचे फादर विल्यम रिचर्डसन यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये छोटीशी प्रार्थना घेतली होती. बक्षीस काय? बिशपची कानउघाडणी आणि निषेधाची पत्रं.

शेवटी १ जुलैला सेंट मार्क्स या मेथडिस्ट चर्चनं दार उघडलं. बिशप फिनिस क्रचफील्ड स्वतः येऊन बसले. सभा संपताना बाहेर टीव्हीचे कॅमेरे असल्याचं कळलं. १९७३ साली चेहरा दिसणं म्हणजे नोकरी जाणं, घर तुटणं. पेरी पुढे अनेकदा सांगत आला, ‘मी म्हटलं, मागून दार आहे, हवं तर तिथून जा. एकही जण मागून गेला नाही.’

आणि ते बिशप? १९८७ मध्ये एड्सनं वारले. मग बातम्या आल्या, की तेही वर्षानुवर्षं लपूनछपून याच जगात वावरत होते. कुटुंबानं ते नाकारलं. काही जण त्यांना ढोंगी म्हणतात. मला नाही म्हणवत. एवढं गुपित जपणारा माणूस त्या दिवशी तिथे जाऊन बसला, ही साधी गोष्ट नाही.

हा भाग का केला ते सांगतो. हॉस्टेलमधल्या एका मित्रानं रात्री गच्चीवर मला पहिल्यांदा स्वतःबद्दल सांगितलं. मग म्हणाला, ‘अरे, उद्या मी गेलो तर खांदा द्यायला कोण येईल रे?’ मी हसण्यावारी नेलं. ‘मी येईन’ म्हणायला काय जात होतं? नाही म्हणालो. या आठवड्यात रेकॉर्डिंगच्या आधी त्याला फोन केला आणि म्हणालो. तो हसला, म्हणाला, ‘दहा वर्षं लागली का, साल्या?’

न्यू ऑर्लिन्सच्या नगर परिषदेनं २०२२ मध्ये माफी मागितली. आगीत गेलेला फेरिस लब्लां हा दुसऱ्या महायुद्धात लढलेला सैनिक. त्याचं काय झालं हे कुटुंबाला कळलं २०१५ मध्ये. त्याला बेवारशांच्या दफनभूमीत पुरलं होतं. नातेवाईक तिथे गेले, पण नेमकी जागा कुणालाच दाखवता आली नाही.