राजाबाई टॉवरखाली कुणी काय पाहिलं?

२५ एप्रिल १८९१ रोजी भर दिवसा मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी एकापाठोपाठ खाली पडल्या आणि मरण पावल्या. एक बचूबाई, अर्देशर गोदरेज यांची पत्नी. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. दुसरी पिरोजबाई, त्यांच्याच नात्यातली, वय सोळा. (हे तेच अर्देशर, ज्यांच्या कंपनीचं कुलूप आपल्यापैकी अनेकांच्या दाराला असतं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.) माणेकजी अस्लाजी नावाच्या इसमावर खटला चालला आणि पुराव्याअभावी तो सुटला. प्रकरण आजही उलगडलेलं नाही.

टॉवर २८० फूट उंच आहे. खाली उभ्या असलेल्या माणसाला पडणारी व्यक्ती दिसते, पण ती पडण्याआधी वरच्या सज्जात काय घडलं हे तिथून दिसणं अवघड. मग कुणी म्हणालं, अब्रू वाचवायला दोघींनी उड्या टाकल्या, तर कुणी म्हणालं, त्यांना ढकललं. या दोन गोष्टींतला फरक हा फाशी आणि सुटका यांतला फरक आहे, आणि नेमका तोच भाग डोळ्यांना दिसण्यापलीकडचा होता. मधली जागा लोकांनी आपापल्या समजुतीने भरली.

ही भरलेली जागा पाहायची असेल तर त्याआधी तीन वर्षं लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये झालेले खून पाहावेत. 'जॅक द रिपर' हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्या प्रकरणांतल्या साक्षी मात्र फारसं कुणी वाचत नाही. एलिझाबेथ लाँग या बाईने ८ सप्टेंबर १८८८ च्या पहाटे साडेपाचच्या सुमारास हॅनबरी स्ट्रीटवर ॲनी चॅपमनला एका पुरुषाशी बोलताना पाहिलं. त्याचा चेहरा तिला दिसलाच नाही, तो पाठमोरा होता. तरीही तो परदेशी वाटत होता, असं तिने सांगितलं. पाठीवरून माणूस परदेशी कसा ठरतो? त्या वस्तीत 'परदेशी' म्हणजे रशिया-पोलंडकडून पळून आलेला गरीब ज्यू, हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. शिवाय ज्या डॉक्टरने प्रेत तपासलं, त्याच्या अंदाजाने मृत्यू साडेचारच्या आधीच झाला होता. म्हणजे एकतर डॉक्टर चुकला किंवा लाँगबाईंनी भलत्याच जोडप्याला पाहिलं.

९ नोव्हेंबरला मेरी केलीचा खून झाला. तिच्या मृत्यूची कोर्टातली चौकशी १२ तारखेला संपली, आणि त्याच संध्याकाळी जॉर्ज हचिन्सन पोलिसांकडे आला. रात्री दोनच्या सुमारास दिव्याच्या उजेडात पाहिलेल्या माणसाचं वर्णन त्याने दिलं. कोटाला कोकराच्या लोकरीची किनार, घोड्याच्या नालेची पिन, जाड सोन्याची साखळी, पापण्यांचा रंगसुद्धा. आणि चेहरा ज्यूसारखा. इन्स्पेक्टर ॲबरलाइनला हे खरं वाटलं. मला वाटत नाही. गॅसच्या दिव्याखाली काही क्षणांत इतकं टिपणारा माणूस तीन दिवस गप्प का बसला, हा प्रश्न सुटत नाही.

या सगळ्यांत मला जोसेफ लावेंड आवडतो. तो स्वतः ज्यू होता, क्लबमधून दोन मित्रांबरोबर निघाला होता. कॅथरिन एडोज मेली त्याच्या दहा मिनिटं आधी त्याने एका बाईला एका पुरुषासोबत पाहिलं. पुरुषाची टोपी, मिशी, गळ्यातला लालसर रुमाल त्याने सांगितला. बाईचा चेहरा पाहिला नव्हता, म्हणून तिला फक्त कपड्यांवरून ओळखलं. आणि तो माणूस पुन्हा समोर आला तर ओळखू शकेन असं वाटत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. बरोबरच्या दोघा मित्रांना तर जवळपास काहीच आठवत नव्हतं. आज संध्याकाळी टेंभी नाक्यावर तुमच्या शेजारी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या शर्टाचा रंग घरी पोचल्यावर आठवून पाहा, म्हणजे लावेंडच्या मित्रांवर हसू येणार नाही.

मुंबई आणि व्हाइटचॅपल यांना जोडणारा एक माणूस आहे. १८९१ साली आपल्याकडे साक्षीचं वजन ज्या कायद्याने होत होतं, तो १८७२ चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने तयार केला. पुढे तो इंग्लंडमध्ये न्यायाधीश झाला आणि १८८७ मध्ये त्याच्यासमोर इस्रायल लिप्स्की या ज्यू तरुणाचा खटला चालला. लिप्स्की फासावर गेला. वर्षभरात त्याचं आडनाव ज्यूंना द्यायची शिवी झालं. १८८८ मध्ये बर्नर स्ट्रीटवर एका बाईला ढकलणाऱ्या माणसाने 'लिप्स्की' अशी आरोळी ठोकल्याचं इस्रायल श्वार्ट्झने दुभाष्यामार्फत पोलिसांना सांगितलं. ती आरोळी साथीदाराला होती की ज्यू दिसणाऱ्या श्वार्ट्झलाच, यावर पोलीस खलबतं करत बसले.

स्टीफनच्या कायद्यात साक्षीदार किती हवेत याला मर्यादा नव्हती. एकाच्या साक्षीवरही गुन्हा शाबित होऊ शकत होता. त्याआधी बंगालात कंपनीच्या फौजदारी अदालतींत शरियतचे नियम बरीच वर्षं चालले. त्यात साक्षीदारांची संख्या ठरलेली आणि तज़किया, म्हणजे साक्षीदाराच्या चारित्र्याची चौकशी, महत्त्वाची. आपल्यातले काही जण हे अभिमानाने सांगतात. पण तज़कियाने खोटारडा माणूस गाळला जातो. प्रामाणिक माणूस चुकीचं पाहतो, किंवा पाहिल्यानंतर वर्तमानपत्रातलं त्यात मिसळतो, त्याचं काय? लाँगबाई खोटं बोलत होत्या असं कुणीच म्हणत नाही. हजरत यूसुफ यांच्या किस्स्यात एक वेगळी वाट दिसते. तिथे आरोप करणारी बाई आहे, नाकारणारे यूसुफ आहेत, आणि निवाडा होतो तो सदरा पुढून फाटला की मागून, यावर. कुणाच्या शब्दावर तो होत नाही.

हा विषय दीडशे वर्षं जुना आहे असं मात्र नाही. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. कबुलीजबाब तर न्यायालयाने नाकारलेच, पण साक्षीदारांबद्दल जे लिहिलं ते वाचण्यासारखं आहे. आरोपींना चर्चगेटला सोडल्याचं सांगणारे टॅक्सीवाले शंभराहून जास्त दिवस गप्प होते. इतक्या दिवसांनी एका भाड्याचा चेहरा लक्षात राहण्यासारखं त्या दिवशी काय घडलं, याचं पटण्याजोगं कारण न्यायालयाला सापडलं नाही. ओळख परेड ज्या अधिकाऱ्याने घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता.

हचिन्सन तीन दिवस थांबला होता.

दाढी, टोपी, 'मुसलमानासारखा दिसणारा' ही वर्णनं आपण सगळ्यांनी बातम्यांत वाचली आहेत, आणि त्यांतून चेहरा कळत नाही हेही आपल्याला माहीत आहे. पण मोहल्ल्यात मूल हरवलं की 'बाहेरचे', 'परप्रांतीय', 'भिकारी दिसत होते' असं आपणही तेवढ्याच खात्रीने सांगतो. तेव्हा पाठमोरा माणूस आपल्यालाही लगेच परदेशी दिसतो.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयाने २४ जुलैला सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं. गाड्यांत बॉम्ब कुणी ठेवले, हे मेलेल्यांच्या घरच्यांना कुणी सांगू शकलेलं नाही.